गिरिजा आणि आयोवाचा गवई

१ ऑक्टोबर १९९८, गुरुवार

गिरिजाचा हात हलला! डावा. उजवा मात्र अर्धांगाचा झटका आल्यापासून तसाच पडून आहे, वाचाही गेली. दवाखान्यातून परत येत होतो, आखातातल्या या शहराच्या रास अल खोर भागात, गॅरेजांच्या रांगेपाशी. सुदेशनं गाडीत त्याची कॉलेजातली कॅसेट लावली होती. कोणी अमेरिकन गवई, घसा बसल्यासारखा आवाज. गिरिजाची बोटं सीटबेल्टवर ताल धरू लागली. मी सुदेशला हाक मारली, त्यानं आरशात पाहिलं, आणि तेवढ्यात टेपनं फीत गिळली. खलास.

डॉक्टर सुरैय्या सारखं एकच सांगतात. सुनती हैं, पर समझती हैं या नहीं, आपको पहचानती हैं या नहीं, कह नहीं सकती. मी रोज तिच्या उशाशी बसून शाळेतल्या कविता म्हणतो, चालीवर. पापणी हलत नाही. आणि आज हे!

२ ऑक्टोबर

सकाळभर पेन्सिलीनं फीत गुंडाळत बसलो. चुरगळलेली, तुटलेली. वर नाव-गाव काही नाही, सुदेशच्या मित्रानं भरून दिलेली. गवयाचं नाव तेवढं सुदेशला आठवतं – डेल हॅन्रहन. गाणं कुठलं चाललं होतं, ते नाही. “बाबा, सगळी कॅसेट त्याचीच होती. मी सिग्नलकडे बघत होतो.”

बरोबर आहे. पण मला ते गाणं हवंय.

४ ऑक्टोबर

इमारतीखाली हमीदचं कॅसेटचं दुकान. त्याला नाव सांगितलं तर म्हणाला, चाचा, इस उमर में गिटार? गिरिजाबद्दल सांगितल्यावर मात्र स्टुलावर चढून मागचे खोके उतरवू लागला. तीन कॅसेट हातात देऊन म्हणाला, सुनके वापस देना.

हमीदनं सांगितलं, हा गवई अमेरिकेतल्या आयोवा नावाच्या मुलखातला. मक्याची शेतं, धान्याची कोठारं. बापानं जन्मभर गिरणीत काम केलं. पहिली रेकॉर्ड कोणी घेतली नाही. दुसरी इतकी चालली की स्टेडियम भरायला लागली. मग बँडशी भांडण. मग एकट्यानं भावाच्या बियाण्याच्या गोदामात बसून तिसरी भरली. कंपनीनं त्याला काढून टाकलं. आता लहान हॉलमधून गातो म्हणे.

कॅसेटमधल्या घडीच्या कागदावर गाण्याचे शब्द छापलेत. नदी, पूल, बंद पडलेली गिरणी, घर सोडून गेलेला मुलगा. हा तर पाचवीच्या वाचनमालेत शोभला असता! हाताची घडी घालून बाकापाशी उभं राहून म्हणावा असा. नातीला तसं म्हटलं. अवनी म्हणाली, “आजोबा, धिस इज नॉट पोएट्री. धिस इज रॉक.”

७ ऑक्टोबर

पहिली रेकॉर्ड. आवाज कोवळा, शब्द उसने. गिरिजा झोपली.

९ ऑक्टोबर

ती गाजलेली दुसरी. ढोल इतके की सूनबाई स्वयंपाकघरातून येऊन आवाज कमी करून गेली. गिरिजानं कपाळाला आठी घातली. आठी हेही काही कमी नाही!

१२ ऑक्टोबर

सापडलं. तिसरी, गोदामातली. हमीदकडे ही कोणी विकत घेत नाही, कव्हरावर धूळ होती. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. एक गिटार, आणि लाकडी फळीवर त्याच्या बुटाचे ठोके. गिरिजाची बोटं त्या बुटाबरोबर चादरीवर. मी हात धरायला गेलो तर तिनं सोडवून घेतला आणि पुन्हा ताल धरला.

सुदेशनं जबल अलीच्या ऑफिसातून फोन केला, अजून हलतोय का हात? मी रिसीव्हर टेपला लावला.

१५ ऑक्टोबर

विचार करतोय. गिरिजाला इंग्रजी येत नाही. परक्या भाषेत हात हलतो, तर आपल्या भाषेत जीभ का हलणार नाही? गाणं मराठीत आणायला घेतलं. अवनी अर्थ सांगते, इंग्रजीतूनच.

गिरणीचा भोंगा निजला, वाट झाली पाठमोरी;
बाप फाटकाशी उभा, हाती टोपी, नजर दूरी.

जमलंय. गुहागरच्या शाळेत गुरुजींनी पाठ थोपटली असती.

१८ ऑक्टोबर

टेप बंद करून कविता म्हटली. हात थांबला. टेप लावली, हात चालू. पुन्हा कविता – पुन्हा थांबला.

चाल चुकली असणार.

२१ ऑक्टोबर

ओवीची चाल लावली. नाही. भूपाळीसारखी लावून पाहिली. गिरिजानं तोंड भिंतीकडे केलं. रात्री जेवताना सुदेश हळूच म्हणाला, “बाबा, हात हलतोय तर हलू द्या ना. तुम्ही गाणं बंद कशाला करता?”

याला कवितेतलं काय कळतं. चाळीस वर्षं ती माझ्या कविता ऐकत आली आहे. माझ्या आवाजाला कधीतरी ओळख देईलच. नाही दिली, तर मी इथं तिच्या उशाशी बसतो तरी कोण म्हणून?

२५ ऑक्टोबर

आज पाळण्याची चाल. दुसऱ्या कडव्याला गिरिजानं मान वळवली. जीभ जड, शब्द स्वच्छ.

“अहो… पुरे. त्याला म्हणू द्या.”

मी बटण दाबलं.