नव्वदचे तीस

सूनबाई, जवळ ये, कीर्तनाला जाता जाता एक गोष्ट सांगते.

दुकानदाराने पारखायला दिलेल्या बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणाऱ्या दोन डिजिटल टॉर्क पान्यांपैकी, बोल्ट किती अंश फिरला तो कोनही मोजणारा पाना तुझ्या नवऱ्याला नको आहे. "आई, हा पाना खोटारडा आहे," म्हणतो. काल त्याने बोल्ट नव्वद अंश फिरवला म्हणाला, पाना तीस दाखवत होता. तो आत गेल्यावर बोल्ट फिरवण्याआधी आणि नंतर त्याने केलेल्या खडूच्या खुणांना मी नातीचा कोनमापक लावला. तीसच भरले गं. पक्षाघातापासून त्याच्या मनगटाला आपण किती वळलो ते कळत नाही, डॉक्टरांनीही हात टेकलेत.

तो रुसला तरी तोच पाना ठेव. गॅरेज आता तुलाच ओढायचंय. त्याला मात्र सांगू नकोस.

बुवा आज चमत्काराची कथा लावतील. मी ऐकेन, मागणार काही नाही. तू बोल्ट आवळशील तेव्हा, कधीकाळी न मोजता नेमकं नव्वद फिरणाऱ्या त्या मनगटाची आठवण ठेव.