वगळलेलं भाषण

३ मार्च

चि. गोट्यास अनेक आशीर्वाद.

पस्तीस वर्षं आमदारकी करून आता निरोपाचं भाषण करणार आहेस म्हणे. पेपरात फोटो पाहिला. एवढे हार घालून मान दुखत नाही का तुझी?

काल मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. तूच मंजूर करून आणलेली शाळा. वर्धापनदिनाला मी पाहुणी म्हणून बोलावं म्हणतात. सभागृहातल्या तुझ्या पहिल्या भाषणाची प्रतही देऊन गेल्या. 'मोठ्या शाळेत मुलींना घेत नव्हते, म्हणून माझी हुशार बहीण सातवीतून घरी बसली,' असं तू म्हणालास. अरे, घेत होते की. माझ्या वर्गात आम्ही चौघी होतो. मी घरी बसले ती आई अंथरुणाला खिळली म्हणून, आणि मास्तर शब्द देऊनही मला परत न्यायला आले नाहीत म्हणून. हे तुला ठाऊक असताना भलतंच का सांगितलंस, तेवढं कळव.

तब्येतीला जप. लोभ आहेच.

तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

मास्तर आले होते.

तू औषध आणायला गेली होतीस, आईचा डोळा लागला होता. ते दारात उभे राहून म्हणाले, ताईला पाठवा, तिचं डोकं चांगलं आहे. तू गेलीस तर घरी मला बसावं लागेल, एवढं मला बरोबर कळलं. ताईलाच शिकायचं नाही, असं मी त्यांना सांगितलं.

सभागृहात मग दुसरी गोष्ट रचली. तिथे आपलं भाषण टाइप होऊन तपासायला येतं, चूक दुरुस्त करायची मुभा असते. मी दोन स्वल्पविराम टाकले आणि सही केली. शाळा मिळाली, आणि पुढच्या सगळ्या निवडणुका मी त्याच गोष्टीवर जिंकल्या.

काल निरोपाच्या भाषणात सगळं खरं सांगून टाकलं. ज्येष्ठ सदस्याने स्वतःला असं दूषण देणं सभागृहाला शोभत नाही, असं म्हणून अध्यक्षांनी तेवढा भाग कामकाजातून काढून टाकायला लावला. सगळ्यांनी बाकं वाजवली. मी तिथेच हरकत घेऊ शकलो असतो. खाली बसलो. सुटलो असं वाटलं, ताई, आणि आता त्याचीच जास्त लाज वाटते.

लोभ असू द्यावा, असं लिहायला हात धजत नाही.

गोट्या


१८ मार्च

चि. गोट्यास आशीर्वाद. 'अनेक' सध्या शिल्लक नाहीत.

दोन दिवस तुझं तोंड पाहू नये असं वाटलं. रडलेही, खोटं कशाला सांगू. मास्तर रस्त्यात दिसले की मी मान फिरवायचे. शेवटच्या आजारपणात त्यांनी निरोप धाडला होता, तरी गेले नाही. तुझ्या पापाची लाज अशी माझ्याही पदरात पडली. दारात उभा होतास तेव्हा अकरा वर्षांचा होतास, ते मी समजू शकते. सही केलीस तेव्हा मात्र तिशी ओलांडली होतीस.

मुख्याध्यापिकांना होकार कळवला आहे. भाषण लिहून काढलं, दीड पान झालं. सातवीतून घरी बसलेल्या बाईच्या मानाने अक्षर बरं आहे. त्यात मास्तर आहेत, तू आहेस, आणि दारात काय म्हणालास तेही आहे. तिथे वगळायला कोणी नसतं.

पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवायला सांगितली आहे. फोन आला म्हणून मधेच उठू नकोस.

लोभ कुठे जात नाही, राग जायला वेळ लागेल.

ताई