लाडीचे कान

५ फेब्रुवारी १९७१

घोडी पुन्हा नाल्यात! म्हणजे पुरती नाही — टांग्याचं एक चाक. मी मागं बसले होते, सवारीच्या जागी. कानिफ म्हणाला, "आई, तुझं वजन बरं पडतं." आईचा असा मान माझा लेकच ठेवू जाणे!

म्हातारा घोडा गेला, म्हणून ही लाडी आणली. कोपरगाव स्टेशनावर सांजच्या गाडीला उतरलेली माणसं शिर्डीला न्यायची, तर रस्त्यावर तिचं मन लागायला हवं. शिवरात्रीपर्यंत सुधारली नाही तर विकायची म्हणतो. माझा तर जीव बसलाय तिच्यावर.

सून रतन सातवी शिकलेली. तिचं अक्षर चुलीत जाऊ नये म्हणून मी सांगते, ती लिहिते. तिच्या नवऱ्याला काही बोलले, की नेमकी हिची पेन्सिल बोथट होते!

८ फेब्रुवारी

आज सकाळी सुतासारखी सरळ चालली. आमचे मालक, कानिफचे वडील, जन्मभर टांगा हाकत गेले. सांगायचे, घोड्याचं मन कानात असतं. कान मागं वळले की लक्ष हाकणाऱ्याकडं. इकडंतिकडं फिरले की घोडं गावभर गेलं.

लाडीचे दोन्ही कान मागं, कानिफकडं. माझ्याकडं कुणी इतकं लक्ष दिलं असतं, तर मीही टांगा ओढला असता!

९ फेब्रुवारी

सांजच्याला पुन्हा वाकडी. बाभळीपाशी अडली, मग भलतीकडंच वळली. कानिफनं चाबूक उगारला.

"अरे, कान बघ की तिचे! तुझ्याकडंच हायेत."

"कान ऱ्हाऊ दे, आई. मन उनाड हाय तिचं."

कान मागं आणि पाय भलतीकडं — कसं काय? मला काही उमगेना.

१२ फेब्रुवारी

शेजारची बनुबाई म्हणते, त्या बाभळीवर काहीतरी आहे. मग सकाळी ते कुठं जातं? कामाला?

१४ फेब्रुवारी

आसाराम स्टेशनावरचा दुसरा टांगेवाला. आज सांजच्याला त्याच्या हाती लगाम दिला. तोच रस्ता, तीच बाभळ, तोच वखत — आणि घोडी सरळ!

"मावशे, लई शानी हाय. मला द्या."

कानिफ खाली बघून म्हणाला, "गुरुवारी घेऊन जा."

आता घोडी शहाणी म्हणू का उनाड? का माझ्या लेकाचंच मन लागत नाही? पण तो तर ओठ चावून, डोळे ताणून बसतो. डोकं चालेना माझं.

१६ फेब्रुवारी

दिवस मावळता मी दारातल्या खाटेवर बसले होते. गप्प. कानिफ आला. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला अन् म्हणाला, "रतन, आई कुठं गेली गं?"

लाडीचं लक्ष कधी हललंच नव्हतं. अंधारात ह्याचा हात चाचपडेल, तशी ती चालत होती.

आसारामला निरोप धाड — घोडी मिळणार न्हाई.

लिही की, रतन. पेन्सिल बोथट झाली?

म्हंजी तुला ठावं हुतं.