सेंतीरे म्हणजे काय काय

१२ ऑक्टोबर

प्रिय दादा,
नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘फोन उचलायला हात झिजतात का?’ ही ओळ इतकी दाबून लिहिली आहेस की पानामागे उमटली आहे. मी बरी आहे. इटालियनचा संध्याकाळचा वर्ग चालू आहे. यंदा नऊ जण, सगळे इंग्रजीत विचार करणारे.

गेल्या आठवड्यात ‘सेंतीरे’ हे क्रियापद घेतलं. ऐकू येणं, वास येणं, मनाला वाटणं, सगळ्याला हे एकच. इंग्रजीवाले हैराण! ‘बाई, यातला नेमका कोणता अर्थ धरायचा?’ मी म्हटलं, आजूबाजूचे शब्द बघा. मग आपल्या खालच्या मजल्यावरच्या, इटलीहून आलेल्या शिवणबाईंची गोष्ट सांगितली. आठवतं? आपण शाळेतून आलो की मशीन थांबवून त्या म्हणायच्या, ‘सेंती!’ तू लगेच नाक वर करून स्वयंपाकघराकडे हुंगायचास, मी कान टवकारायचे. आणि त्यांना म्हणायचं असायचं, ‘ऐका, आधी पाय पुसा!’ चिंध्यांच्या ढिगात बसून आपण ती भाषा शिकलो. किती सुखाचे दिवस होते रे!

सगळे हसले. एक निवृत्त प्लंबर तेवढा हसला नाही. वर्ग सुटल्यावर जवळ येऊन त्याने गृहपाठातलं वाक्य म्हटलं, ‘सी सेंते बेने?’

‘बरी आहे हो.’

त्याने मान हलवली आणि फळ्यावर लिहिलं, ‘बरं वाटतंय का, असं नाही विचारलं. नीट ऐकू येतंय का?’

दोन्ही अर्थ बरोबर. मीच शिकवले होते. 

दादा, माझा उजवा कान फेब्रुवारीतच गेला. डावा अर्धामुर्धा उरलाय. नोकरी जाईल या भीतीने कोणाला सांगितलं नाही. फोनवर तुझा आवाज म्हणजे नुसती खरखर. मी अंदाजाने ‘हो, हो’ म्हणत राहायचे. जूनमध्येही तू बोलत होतास आणि मी हसून म्हणाले, ‘वा, फार छान झालं!’ तू फोन ठेवून दिलास.

तू वहिनीच्या गाठीबद्दल सांगत होतास, हे मला महिन्याने भाचीच्या पत्रातून कळलं. तेव्हापासून फोन वाजतो, तेवढं कळतं. हातच पुढे होत नाही.

गुरुवारी कानाला मशीन बसवतील. वर्गालाही सांगून टाकलंय. आता सगळे माझ्याकडे तोंड करून बोलतात.

मला वहिनीला भेटायचंय. हे पत्र तिला वाचून दाखव आणि विचार, येऊ का? ‘नको’ म्हणाली तर तेही तिच्याच शब्दांत लिहून पाठव.

तुझी, आणि तुझ्याहून जास्त वहिनीची अपराधी,
छोटी