मंगळवारची बोट

मु. पो. मांडवगण फराटा, ता. शिरूर
रविवार, ९ मार्च २०२५, फाल्गुन शुद्ध दशमी

॥ श्री मार्तंड प्रसन्न ॥

मुक्ताबाईंना गिताबाईचा नमस्कार.

पाकिटावर आधी सवयीनं सौ. लिहिलं. ते पाकीट फाडलं आणि दुसऱ्यावर नुसतं नाव घातलं. गं. भा. लिहायला हात धजला नाही, राग मानू नका.

आम्ही इकडे बरे आहोत. गहू निघाला, कांदा अजून रानात आहे. ऊन आत्ताच इतकं लागतंय की दहानंतर दारात उभं राहवत नाही. नदीला पाणी आहे. धुणं घेऊन गेले की पलीकडं तुमचा दौंड तालुका दिसतो, मग मी पाठ करून धुते. राजनंदिनीचे दहावीचे पेपर चालू असतील. बापाचा नववा दिवस आणि पोरगी मराठीचा पेपर लिहून आली, हे ऐकून मला घास गेला नव्हता. तिला म्हणावं, राहिलेल्या पेपरांना घाबरू नको.

फोन तीनदा केला. तिन्ही वेळा साखरबाईंनी उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवला. सासू म्हणून त्यांना राग असणारच. खरं सांगते, त्यांनी ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं. जे सांगायचं ते फोनवर माझ्या तोंडातून निघालं नसतं. म्हणून पत्र. हे एकटीनं वाचू नका. घरात सगळ्यांपुढं वाचायला लावा. त्यासाठी तुम्हाला माहीत असलेलंही पहिल्यापासून लिहिते.

माझा भाचा सुदर्शन कारेगावात फॅब्रिकेशनचं काम करतो. त्याला अंदमानात एका बेटावर हॉटेलच्या लोखंडी शेडचं काम मिळालं. अठरा पोरं घेऊन गेला. आठ दिवसांत पोरं भाताला आणि माशांच्या वासाला कंटाळून परत निघाली. तेव्हा तो माझ्या दारात. "मावशी, शेड राहू दे, आधी भाकरीचं बघा. न्हाईतर माझं लेबर पोहत यील घरी." मी जन्मात कामाला म्हणून घराबाहेर पडले नव्हते. तुम्ही आचाऱ्यांच्या हाताखाली भाकरी थापायला जात होता, म्हणून त्यानं तुम्हालाही गाठलं. केडगावच्या स्टँडवर आपण एकमेकींना पहिल्यांदा पाहिलं. तुमच्या डोक्यावर परात होती.

एक महिना. बारा जानेवारी ते बारा फेब्रुवारी. ज्या बंगाली बाईच्या अंगणात आपली चूल होती, तिला सगळे बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचे, म्हणून आपणही बौदी म्हणायचो. तिला तुम्ही भाकरी शिकवली. तिची भाकरी कधी गोल झाली नाही आणि तुम्ही म्हणायचा, "राहू द्या, पोटात जाऊन कुठं गोल राहती?" पहिल्या दिवशी समुद्राकडं बघून तुम्ही बोललात ते मी इथं सगळ्यांना सांगितलं, "गिताबाई, एवढं पाणी, आन् उसाला एक थेंब कामाचा न्हाई!" तुमचा फोन तुम्ही राजनंदिनीच्या अभ्यासासाठी घरी ठेवला होता. रेंज जेट्टीवरच मिळायची, रविवारी तिथं जाऊन सुदर्शनच्या फोनवरून मालकांशी बोलायचा. ते मीठ कुठं आहे, डाळीचा डबा कोणता, एवढंच विचारायचे. फोन ठेवून तुम्ही म्हणायचा, "सतरा वर्सं संसार केला, अजून ह्यांला मीठ सापडंना." आणि परत येताना वाटभर हसत असायचा.

आता सोमवारचं लिहिते.

सोमवारी, दहा तारखेला, दुपारी तीनच्या सुमारास तुम्ही भांडी घासायला विहिरीवर गेला होता. सुदर्शन जेट्टीवरून आला तो तोंड उतरलेलं.

"मावशी, मुक्ताबाईंच्या दिरांचा, भिमाजीदादांचा फोन आल्ता. मुक्ताबाईंच्या मालकांची तब्येत जास्त हाय म्हणं. दौंडला दवाखान्यात नेलंय. निघून या म्हणाले. आन् वहिनीला एकदम सांगू नका म्हणाले."

मी विचारलं, "आवाज कसा होता?"

"रडत होते. बोलताच येत नव्हतं त्यांना."

मुक्ताबाई, मी काय समजले ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडं गेलेल्या माणसाचं कोणी फोनवर गेलं म्हणून सांगतं का? माझे वडील गेले तेव्हा थोरला भाऊ दारात येऊन म्हणाला, आप्पांना जरा बरं नाही, चल. वाटेत हॉटेलात मला बळंच खायला घातलं, कारण त्या घरात आता चूल पेटायची नव्हती. वेशीतून आत गेले तर बायका बसलेल्या. तेव्हापासून कोणी असं रडत 'निघून या' म्हटलं की माझ्या लेखी माणूस गेलेला असतो.

सुदर्शनला मी परत फोन लावायला सांगायला पाहिजे होतं. आहेत की गेले, एवढंच विचार म्हणायला पाहिजे होतं. पण ज्याच्या घरात रडारड चालली आहे त्याला असं विचारायला माझी जीभ रेटली नाही.

सुदर्शन म्हणाला, "उद्या सकाळी साडेसहाची बोट हाय. जेट्टीवरचा माणूस दोन तिकिटं देतो म्हणतोय. म्होरं विमानाचं मी बघतो. तुम्ही दोघी व्हा पुढं, आम्ही परवा येतोच."

मी म्हणाले, "अरे, आत्तापर्यंत सगळं उरकलं असंल. पळत जाऊन तिला काय मिळणार हाय? परवा सगळे निघतोय, तवाच जाऊ."

"मावशी, बघा बरं का."

"माझ्यावर सोड," मी म्हणाले.

हे शब्द माझे आहेत. सुदर्शनचे नाहीत. शेडचं काम अडेल म्हणून त्यानं तुम्हाला ठेवून घेतलं, असं तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढा.

मी स्वतःला सांगितलं की दोन दिवस बाई सुखात राहील, जन्मभर रडायचंच आहे. हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. दोन विमानं बदलत तुम्हाला एकटीनं न्यायची मला भीती वाटली. मी मॅट्रिक असले तरी विमानतळावरच्या पाट्या मला कळत नाहीत. वाटेत तुम्हाला समजलं आणि तुम्ही कोसळलात, तर परक्या गावात मी काय करणार होते? आणि गुरुवारची काढलेली तिकिटं वाया जातील, हेही मनात येऊन गेलं. देवापुढं बसून लिहितेय म्हणून तेही लिहिते.

मंगळवारी सकाळी आपण चुलीपाशी होतो. बोटीचा भोंगा झाला. तुम्ही मान वर करून पाहिलं आणि म्हणालात, "आज गर्दीच न्हाई की बोटीला. मोकळीच चाललीय." माझ्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली, करपली. तुम्ही मला टोमणा मारला, "आज ध्यान कुठं हाय? मालकाची आठवण आली व्हय?"

त्या दिवशी दुपारी बौदीनं आपल्याला निरोप दिला. नारळाचे लाडू केले, दोघींना पाटावर बसवलं. तुमच्या भांगात शेंदूर भरला, उरलेला बांगड्यांना लावला. "दीदी, फिर आना, साहब को भी लाना," असं ती म्हणाली आणि तुम्ही लाजलात. मला म्हणालात, "गिताबाई, ह्या अवतारात घरी गेले तर मालक वळखायचे न्हाईत. म्हणतील, ही कुठल्या देवळातनं उठून आली!" तुम्ही हसत होता. मी तुमची ओटी भरली. तांदूळ टाकताना मी पदरानं डोळे पुसले, ते तुम्हाला निरोपामुळं वाटलं असेल. तुम्ही माझी पाठ थोपटली, "रडू नका, शिरूर-दौंड काय लांब हाय व्हय? नदी ओलांडली की आलंच." मी मनात म्हणत होते, देवा, हिचं हे शेवटचं लेणं, नीट होऊ दे.

आणि त्याच वेळेला तिकडं मालक खाटेवर उठून बसले होते. चहा प्यायले होते. हे मला नंतर राजनंदिनीनं सांगितलं.

बुधवारी बेट सोडलं. बौदी जेट्टीवर पदर डोळ्याला लावून उभी होती. तुम्ही दिसेनाशी होईपर्यंत तिला हात करत राहिलात. गुरुवारी दोन विमानं करून पुण्यात उतरलो. सुदर्शननं येण्याची वेळ मेसेजनं कळवली होती, भिमाजी भाऊजी जीप घेऊन आले होते. चौफुल्याला त्यांनी जीप थांबवली आणि म्हणाले, "वहिनी, च्या घ्या." तुम्ही कप हातात घेतला, त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि कप खाली ठेवला. तुम्हाला कळलं. मी तुमचा हात धरून म्हणाले, आम्हालाही कालच निघताना समजलं. हे मी खोटं बोलले.

तुमच्या अंगणात शिरलो तेव्हा मयत अंगणातच होती. मला काही उमजेना. सोमवारी गेलेला माणूस गुरुवारपर्यंत कोण ठेवतं? शेजारच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "आज पहाटं गेले. परवापासनं चांगले बोलत व्हते, डॉक्टर सोडतो म्हणले व्हते. आन् परत झटका आला." साखरबाई तुमच्याकडं बघून ओरडल्या, "दोन दिस दाराकडं बघत व्हता माझा ल्योक! आता कशाला आलीस? समिंदर बघून झाला का?"

मंगळवारची बोट घेतली असती तर रात्रीपर्यंत आपण दौंडात असतो. बुधवारचा सगळा दिवस तुम्हाला त्यांच्या खाटेपाशी मिळाला असता.

दहाव्याला मी आले तेव्हा साखरबाईंनी सगळ्या बायकांत मला विचारलं. "तुमी संगं व्हता. भिमाजीनं सोमवारीच फोन केलाय. हिला कळलं व्हतं का न्हाई? का पगार बुडंल म्हणून थांबली?" तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. तुम्हाला वाटलं असेल, आता गिताबाई सांगतील. मी म्हणाले, "मला काय ठावं न्हाई." आणि पदर सावरून शेवटच्या एसटीला निघाले. मंगळवारच्या चुकीत निदान मला वाटलं तरी होतं की मी चांगलं करतेय. दहाव्याला तसं काहीच वाटलं नाही. नुसती भ्याले.

आता सुदर्शन तुमच्याकडं जाऊन आला. म्हणाला, मुक्ताबाईंना मागच्या पडवीत वेगळं निजायला लावतात. पगार दिला तो साखरबाईंनी तुमच्यापुढं टाकला आणि म्हणाल्या, "घे, नवरा देऊन आणलेला." तुम्हाला निरोप मिळालाच नव्हता, हे तुम्ही सांगून कोणी ऐकत नाही म्हणे.

आमच्या ह्यांनी मला लिहायला मनाई केली आहे. म्हणाले, "लेखी कशाला देतीस? उद्या सुदर्शनला गोत्यात आणशील. झालं ते झालं, माणूस परत येणार हाय का?" ते येणार नाहीत हे मलाही कळतं. पंधरा दिवस मी पूजेला बसते आणि देवाला काय मागायचं तेच सुचत नाही. मागण्यासारखं जे होतं त्याची वेळ निघून गेली. तुमच्यासाठी करण्यासारखी एवढीच गोष्ट माझ्या हातात उरली आहे, आणि तीही किती कामाला येईल कोण जाणे. साखरबाईंचा मुलगा गेलाय, त्यांना कागदानं काय समाधान मिळणार? तरी लिहिते.

साखरबाई आणि भिमाजी भाऊजी, बेलभंडारा उचलून लिहिते. तुमचा निरोप सोमवारी आला. तो मुक्ताबाईंना कोणीही सांगितला नाही. सांगू नका, मंगळवारची बोट नको, असं मी ठरवलं, सुदर्शननं माझं ऐकलं. चौफुल्याला चहाचा कप खाली ठेवेपर्यंत त्यांना काहीही माहीत नव्हतं. सोमवारी सांगितलं असतं तर त्या बोटीची वाट न बघता पाण्यात उतरल्या असत्या. तुम्हाला जे बोलायचं असेल ते मला बोला. म्हणाल त्या दिवशी मी तुमच्या अंगणात येऊन चार माणसांत हेच सांगेन. शिव्या द्या, पण त्यांना पडवीतून घरात घ्या.

राजनंदिनी, हे तू मोठ्यानं वाचत असशील. मध्ये थांबू नको बाळा. आजीला ऐकू आलं नाही तर परत वाच. दहाव्याला तू मला म्हणालीस, "पप्पा सारखं विचारायचे, आई विमानात बसली का? मी हो म्हणायचे." तू त्यांचं मन राखायला म्हणालीस. ते खोटं झालं ते माझ्यामुळं. तुझ्या आईमुळं नाही.

मुक्ताबाई, माफ करा असं लिहिणार होते. तीनदा लिहून खोडलं. माफी मागितली की तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुमच्यावर आता तेवढंही ओझं नको. उत्तर पाठवू नका. वाचून झालं की पत्र साखरबाईंच्या हातात द्या.

थोरांना नमस्कार, राजनंदिनीला आशीर्वाद.

तुम्हाला जिच्यामुळं उशीर झाला ती,
गिताबाई