पेटीतला कोट आणि डिंकाच्या मिशा

रत्नमालावन्संना सुलेखाचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडं आम्ही खुशाल. (तुमचे बंधू जरा जास्तच खुशाल आहेत, त्याचंच लिहिते.)

आपली मोनिका चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिला फोटोंचं प्रदर्शन करायचं होतं. विषय असा, की बाईनं पुरुषाचं सोंग घेतलं तर ती कोण असते. (मी म्हटलं, दमलेली असते.) तिच्या मैत्रिणी ऐनवेळी लाजल्या, म्हणून पोरीनं मलाच धरलं. पेटीतला मामंजींचा कोट, धोतर, फेटा, डिंकानं चिकटवलेल्या मिशा, आणि चला गुलमंडीच्या बाजारात!

वन्सं, फारूखभाईच्या दुकानात मी लग्नापासून साड्या घेते. त्यांनी मला पाहिलं आणि पाठीशी लोड सरकवला. “आओ पाटील, बैठो. गाव कंचं?” बोलले असते तर पितळ उघडं पडलं असतं, म्हणून नुसतं “हूं” केलं. चहा आला! पुन्हा “हूं” केलं, तर पंखा माझ्याकडं वळवला. आजवर त्या दुकानात घसा फोडून भाव केला, पण असा मान कधी मिळाला नाय. मांडी ठोकून बसले, मिशीला पीळ दिला, तेवढ्यात मोनिकानं फोटो काढला. उठायला मनच होईना.

प्रदर्शनाच्या दिवशी मात्र तुमचे बंधू आले आणि नेमके माझ्याच फोटोपुढं थांबले. मी खांबाआड. आता घरात अबोला, असं धरूनच चालले. तर त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि मोनिकाला विचारलं, “आप्पांचा हा फोटो तुला कुणी दिला गं?”

मामंजींचा धड एक फोटो घरात नाय, तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या बंधूंचे डोळे भरून आलेले. मी खांबाआडून मोनिकाला मानेनंच ‘नको’ म्हटलं. पोरगी म्हणाली, “एका जुन्या माणसाकडून मिळाला, बाबा.” (जुनं माणूस म्हणजे मी!)

आता बैठकीत फोटोला हार आहे. जिवंतपणी स्वतःच्या हाराची फुलं बदलणारी मी पहिलीच असेन.

तुमची,
सुलेखा

ता. क. – पत्राचं खरं कारण हे, की रविवारी ते फोटोची एक प्रत घेऊन कन्नडला तुमच्याकडं येताहेत. तुम्ही आप्पांच्या लेक, लगेच ओळखाल. पाया पडते, हसू नका.

ता. ता. क. – काल उदबत्ती लावताना ते फोटोला म्हणाले, “आप्पा, सुलेखा होती म्हणून हे घर उभं राहिलं.” माझ्या तोंडावर असं कधी बोलले नाहीत हो. आत्ता पुन्हा फोटोपुढं जाऊन बसलेत. कुकर बंद करते, शिट्टीत नीट ऐकू येत नाय.