बद्द वाजलेला लॉट

आण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुमच्याशी बोलल्याशिवाय मला इलाज नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीतला आपला कारखाना आहे तिथंच आहे, अजून पंपांच्या बिडाच्या बॉड्याच करतो. तुमच्या तपासणीच्या टेबलावर मात्र आता रजिस्टर नसतं, टॅब असतो. माप घेतलं की आकडा आपोआप चढतो; मापात बसला तर हिरवा, नाही तर लाल. क्वालिटीची मुख्य म्हणून ही यंत्रणा मीच बसवली आणि नारळही मीच फोडला.

तुम्ही प्रत्येक बॉडी हातोडीनं वाजवून बघायचा, बाजारात माठ घेताना बघतात तशी. खणखणीत वाजली तर पुढे. बद्द वाजली तर आत कुठंतरी चीर आहे म्हणून बाजूला. ही खोड घरीही सुटली नव्हती. रविवारची सकाळ आहे, चहा ओतायच्या आधी तुम्ही नखानं कप वाजवताय आणि आई चुलीपाशी खेकसतेय, “आवं, कप हाय त्यो, पंप न्हवं!” डिप्लोमा करून मी तुमच्याच खात्यात लागले, तेव्हा गेज नाचवत म्हणाले होते, माप बरोबर आहे, मग वाजवायचं कशाला? तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, “मापात हाय म्हंजी चांगली हाय, आसं कुणी सांगितलं तुला?” फार राग आला होता मला. एकाच स्कूटरवरून यायचो-जायचो आपण, पण दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

माल नाकारायची कारणं टॅबमध्ये मी तुमच्याच जुन्या रजिस्टरांवरून भरली. पानोपानी तुमच्या अक्षरात ‘आवाज बद्द’ लिहिलेलं होतं. तेवढंच मी गाळलं. आवाजाला आकडा कुठून आणायचा? तुमच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी तपासणीला एकटे आपल्या खात्यातले मामाच उरले होते. एका सकाळी ते हातोडी घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. “पोरी, ह्यो लॉट बद्द वाजतोय. धाडू नगंस.” टॅबवर सगळं हिरवं होतं, गाडी गेटवर उभी होती. मी म्हणाले, “मामा, कारणांच्या यादीत आवाज नाही. माल पास म्हणून टॅबवर अंगठा लावा.” ते म्हणाले, “तू म्हंतीस तर लावतो.”

महिन्याभरात त्या बॉड्या तडकून परत आल्या. शेवटचा अंगठा कुणाचा, ते टॅबनं लगेच सांगितलं. चौकशीत साहेबांनी मला विचारलं, लॉट जायच्या आधी कुणी शंका काढली होती का? मामा समोरच बसले होते, माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणाले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. तुमची मुलगी ना मी. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्यांना घरी बसवलं. आता यादीत आवाज घालून तरी काय करू? वाजवून ओळखणारं कुणी उरलेलं नाही, आणि मी स्वतः कधी शिकले नाही.

हे पत्र खरं तर मामांना लिहायला हवं होतं. ते आता कवठे महांकाळला असतात, गल्लीसकट पत्ता मला पाठ आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.